आठव्या माणसामागचा नियम

रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन नाटककाराचे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे नाटक प्रथम १९५४ साली दूरचित्रवाणीवर सादर झाले. त्याच वर्षी रोझ स्वतः न्यू यॉर्कमधील एका मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरीवर बसले होते व त्या अनुभवातून नाटकाचे बीज त्यांच्या मनात रुजले. १९५७ साली सिडनी ल्युमेट यांनी त्यावर चित्रपट केला. हेन्री फोंडा यांनी त्यातील आठव्या ज्यूररची भूमिका केली. १९८६ साली बासू चटर्जी यांनी ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने ते हिंदीत आणले आणि आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती बंद खोली, तो उकाडा आणि ती बारा माणसे परिचयाची झाली. आज व्यवस्थापनाच्या वर्गांतूनसुद्धा हा चित्रपट दाखविला जातो. सर्वत्र त्याचे तात्पर्य एकच सांगितले जाते: अकरा जण एका बाजूला असले तरी एक प्रामाणिक माणूस सत्याचा जय घडवून आणू शकतो.

हे तात्पर्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुरे असल्यामुळे काहीसे धोक्याचेही आहे. पूर्वग्रह हा दुष्ट माणसांचा दुर्गुण असून सज्जन माणूस भेटला की तो हरतो, असा समज त्यातून दृढ होतो. मूळ कलाकृती बारकाईने पाहिली तर ती याहून वेगळे काही सांगते. त्या खोलीत आठव्या माणसाचा विजय होतो, कारण त्याच्या पाठीशी एक नियम उभा आहे. तो नियम काढून घेतला, तर त्याच सज्जनपणाला कोणी विचारणार नाही. प्रस्तुत लेखात या दृष्टीने नाटकाकडे पाहावे व त्याच्याच जातीच्या आणखी दोन कृतींशी त्याची तुलना करावी, असा विचार आहे.

कथानक सर्वांस ठाऊक आहे. झोपडवस्तीतल्या अठरा वर्षांच्या मुलावर स्वतःच्या बापाच्या खुनाचा आरोप आहे. तो दोषी ठरला तर देहदंड अटळ आहे. बारा ज्यूरर खोलीत येतात, पहिले मतदान होते: अकरा दोषी, एक निर्दोष. रोझ यांनी या माणसांना नावे दिलेली नाहीत. ते केवळ क्रमांक आहेत. यामुळे प्रेक्षक त्यांना कुळावरून वा आडनावावरून ओळखू शकत नाही, त्यांच्या बोलण्यावरूनच ओळखतो. नावावरून माणूस जोखण्याची आपली सवय नाटककाराने अशी सुरुवातीलाच काढून घेतली आहे.

पूर्वग्रहाचे निरनिराळे प्रकार रोझ यांनी ज्या जाणतेपणाने रेखाटले आहेत, त्यात या नाटकाचे मोठेपण आहे. दहावा ज्यूरर ‘ती माणसे’ असे म्हणूनच बोलतो. त्याचा द्वेष उघडा आहे. तिसऱ्याचा पूर्वग्रह मात्र दुःखाच्या आड लपलेला आहे. त्याचा स्वतःचा मुलगा त्याला सोडून गेला आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात त्याला आपलाच मुलगा दिसतो. सातव्याला बेसबॉलचा सामना गाठायचा आहे. त्याला कोणाविषयीच आकस नाही, पण आस्थाही नाही. सर्वांत विचार करण्यासारखा आहे तो चौथा. तो शांत आहे, तर्कशुद्ध आहे, आवाज चढवीत नाही. आरोपीला आपण त्या रात्री कोणता चित्रपट पाहिला हे सांगता आले नाही, यास तो पुरावा मानतो. आठवा त्याला त्याच्याच मागल्या काही दिवसांविषयी विचारतो, तेव्हा चित्रपटाचे नाव आणि नटांची नावे सांगताना तोही चुकतो. द्वेष नसलेल्या बुद्धिमान माणसाच्या न्यायातही स्वतःसाठी एक माप आणि परक्यासाठी दुसरे असू शकते, हे रोझ यांनी इतक्या थोड्या शब्दांत दाखविले आहे. आपल्या मनाची नियमाने झडती घेणाऱ्या कोणाही माणसाला ठाऊक असते की उघडा द्वेष कबूल करणे त्या मानाने सोपे. कठीण असते ते आपल्याला न दिसणारे दुसरे माप.

नाटकाचा दुसरा विशेष याहूनही महत्त्वाचा आहे. खटल्याला कलाटणी देणारी प्रत्येक बाब कोणाला दिसते, ते पाहावे. कळ दाबली की पाते बाहेर येणारा चाकू सराईत माणूस खालून वर मारतो, हे पाचव्याला माहीत असते, कारण तो झोपडवस्तीत वाढला आहे. दुर्लक्षित म्हातारा साक्षीदार चार माणसांनी आपले ऐकावे म्हणून नकळत आपली साक्ष फुगवील, हे नवव्याला उमगते, कारण तो स्वतः म्हातारा आहे. समोरच्या इमारतीतील साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते, हेही त्यालाच आठवते. आणि ती बाई झोपताना चष्मा लावून झोपली नसणार, हे चौथ्याला पटते, कारण त्याच्या नाकावरही तसेच वळ आहेत. आठव्याने दार उघडले हे खरे. परंतु त्यातून आत आलेले सत्य इतरांच्या आयुष्यांतून आले. निरनिराळ्या आयुष्यांची माणसे एकत्र बसविणे म्हणजे कोणावर केलेला उपकार नव्हे; तो पुरावा नीट पाहण्याचाच एक मार्ग आहे.

पुढे मानसशास्त्रज्ञांनीही याला पुष्टी दिली आहे. सॅम्युएल सॉमर्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्येकी सहा जणांच्या नमुना-ज्यूरी बसविल्या होत्या. काही केवळ गोऱ्यांच्या, तर काही चार गोरे व दोन काळे अशा मिश्र. मिश्र ज्यूरींनी अधिक वेळ चर्चा केली आणि खटल्यातील अधिक बाबी विचारात घेतल्या. विशेष म्हणजे हा फरक केवळ काळ्या सदस्यांच्या बोलण्यामुळे पडला नव्हता. मिश्र गटात बसल्यावर गोऱ्या सदस्यांच्या हातूनही वस्तुस्थितीच्या चुका कमी झाल्या. आपल्याहून वेगळा माणूस शेजारी बसला की माणूस आपले शब्द तोलू लागतो, असाच याचा अर्थ.

हीच गोष्ट सुझन ग्लास्पेल यांनी रोझ यांच्या कितीतरी आधी सांगितली होती. ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ ही त्यांची कथा १९१७ सालची. बातमीदार असताना आयोवा राज्यात त्यांनी पाहिलेल्या एका खुनाच्या खटल्यावर ती आधारलेली आहे. नवऱ्याच्या खुनाचा संशय असलेल्या शेतकरणीच्या घरी पुरुष अधिकारी पुरावा शोधतात. स्वयंपाकघराकडे मात्र ‘बायकांच्या क्षुल्लक गोष्टी’ म्हणून पाठ फिरवितात. सोबत आलेल्या दोन स्त्रियांना तेथेच सर्व काही दिसते: गोधडीचे एकाएकी बिघडलेले टाके आणि मान मुरगळलेला पक्षी. त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत स्त्रीला ज्यूरीवर बसता येत नसे. म्हणून ही ज्यूरी स्वयंपाकघरात बसते. ग्लास्पेल यांची धिटाई अशी की त्यांनी आपल्या नायिकांना निष्कलंक ठेवलेले नाही. त्या दोघी पुरावा लपवितात. ज्यांना न्यायाच्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्या सहानुभूतीलाही मग नियमाचे बंधन उरत नाही, हे कथेचे अस्वस्थ करणारे टोक आहे. रोझ यांच्या नाटकात असे टोक नाही. तेथे शेवटी सारे जण अधिक चांगले होऊन पायऱ्या उतरतात.

याच ठिकाणी नाटकाची मर्यादा स्पष्ट होते. चित्रपटात आपण त्या खोलीत शिरतो तेव्हा बारा माणसे निवडून झालेली असतात. ती कशी निवडली गेली, हे रोझ दाखवीत नाहीत. अमेरिकन पद्धतीत खटल्याआधी संभाव्य ज्यूररांना प्रश्न विचारले जातात. जो उघडपणे पक्षपाती दिसेल, त्याला न्यायाधीश कारण नोंदवून वगळतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येपर्यंत कोणतेही कारण न देता माणसे वगळता येतात. मुलाशी उभा दावा असलेला बाप पितृहत्येच्या खटल्यात ज्यूरीवर कसा बसला? दहाव्याला कोणी काही विचारलेच नाही काय? कदाचित विचारले असेल आणि दोघांनीही मनापासून सांगितले असेल की आम्ही निःपक्षपातीपणे वागू. पूर्वग्रह असलेला माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. तो स्वतःला निःपक्षपातीच समजत असतो. आणि आणखी एक गोष्ट: बाराही जण गोरे पुरुष आहेत. नाटक याविषयी एक शब्द बोलत नाही.

जे रोझ यांनी दाराबाहेर ठेवले, ते हार्पर ली यांनी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या १९६० सालच्या कादंबरीत आत आणले. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावरील खटल्यात ॲटिकस फिंच हे वकील आठव्या ज्यूररइतकेच सचोटीचे आणि त्याच्याहून अधिक वाक्पटू आहेत. टॉमचा डावा हात निकामी आहे, हे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करतात. तरीही ज्यूरी त्याला दोषी ठरविते. निकालानंतर बापलेकांत झालेल्या संभाषणाकडे बहुतेक समीक्षकांचे दुर्लक्ष होते. माझ्या मते कादंबरीतील न्यायविचाराचा गाभा तेथे आहे. गावातली शहाणीसुरती माणसे ज्यूरीवर का बसत नाहीत, असे मुलगा विचारतो. काहींना त्यात रस नसतो, काही भितात, गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदार टाळतो. आणि शेजारच्या मिस मॉडींना तर त्या स्त्री आहेत म्हणूनच बसता येत नाही. अन्याय करणारी ज्यूरी अशी दुष्टांच्या उपस्थितीने जितकी घडते, तितकीच सज्जनांच्या अनुपस्थितीने घडते.

त्याच संभाषणात आणखी एक तपशील आहे. त्या ज्यूरीत एक माणूस बराच वेळ टॉमच्या सुटकेसाठी अडून बसला होता. आणि तो आदल्या दिवशी टॉमला मारायला आलेल्या जमावातल्या कनिंगहॅम कुटुंबाचा नातलग होता. ॲटिकसना हे नाते ठाऊक होते, त्याला वगळणे त्यांच्या हाती होते. पण एका अंदाजावर त्यांनी त्याला राहू दिले. कोणत्या गटातून माणूस आला यावरून तो कसा न्याय देईल हे ठरविणे, हाही पूर्वग्रहच. ली यांनी हे किती सहज सुचविले आहे! दोन्ही कृतींत एक माणूस अडतो. एकीत तो जिंकतो, दुसरीत काही तासांचा उशीर तेवढा पदरात पाडतो. मला दुसरे चित्र अधिक खरे वाटते.

इतिहासही ली यांच्या बाजूने आहे. कादंबरीतील खटला १९३५ सालचा. त्याच वर्षी अलाबामातील स्कॉट्सबरो खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लॅरेन्स नॉरिसची शिक्षा रद्द केली, कारण तेथील ज्यूरीच्या याद्यांतून काळ्या नागरिकांना पद्धतशीरपणे वगळले होते. आणि यादीत जी थोडी नावे दिसत होती, ती मागाहून घुसडलेली होती. १९५५ साली, म्हणजे रोझ यांचे नाटक दूरचित्रवाणीवर आले त्याच्या पुढल्याच वर्षी, मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलच्या खुनाचा खटला चालला. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. येथेही बारा माणसे होती, बंद खोली होती. आठवा माणूस तेवढा नव्हता. पूर्वग्रह निरपराधाला फासावर चढवितो हे आपण लक्षात ठेवतो. तो अपराध्याला घरी पाठवितो, हे विसरतो.

आठव्या माणसाची वाट पाहत बसण्यापेक्षा तो खोलीपर्यंत पोहोचेल अशी तजवीज करावी, हा विचार कायद्यात सावकाश रुजला. १९८६ च्या बॅट्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की बिनकारण हरकतीचा अधिकार वंशाच्या आधारे वापरता येणार नाही. संशय आला तर वकिलाला कारण द्यावे लागेल. १९९४ साली हे तत्त्व स्त्री-पुरुष भेदालाही लागू झाले. परंतु कारण देणे कठीण नसते. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी १९८६ सालीच इशारा दिला होता की हा अधिकार समूळ काढल्यावाचून भेदभाव थांबणार नाही. कर्टिस फ्लॉवर्स यांच्यावर मिसिसिपीत एकाच आरोपाखाली सहा वेळा खटला चालला. या सहा खटल्यांत मिळून सरकारी वकिलाने बेचाळीसपैकी एकेचाळीस काळ्या संभाव्य ज्यूररांना वगळले. सहाव्या वेळी वगळलेल्या पाच काळ्या नागरिकांना १४५ प्रश्न विचारले, तर निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून १२. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ती शिक्षा रद्द केली आणि २०२० साली त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. ज्याला शोधायचे असते, तो १४५ प्रश्नांत काही ना काही शोधून काढतोच.

म्हणून अलीकडे उपाय अधिक मूलगामी झाले आहेत. वॉशिंग्टन राज्याने २०१८ साली नियम केला की वकिलाचा हेतू काय होता हे शोधत न बसता, त्रयस्थ जाणत्या माणसाला त्या हरकतीत वंशाचा वाटा दिसू शकेल काय, एवढेच पाहावे. ॲरिझोनाने २०२२ पासून बिनकारण हरकती बंदच केल्या. इंग्लंडने आरोपीचा तसा अधिकार १९८८ च्या कायद्याने काढला होता. कॅनडाने २०१९ साली त्या रद्द केल्या. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही: ज्याच्याविषयी शंका आहे पण ती सिद्ध करता येत नाही, अशा ज्यूररला दूर ठेवण्याचे आरोपीच्या हातातले शेवटचे साधन यामुळे जाते. दहाव्याला आणि तिसऱ्याला कोणी रोखायचे मग? उत्तर असे दिसते की निवडीच्या वेळचे प्रश्न अधिक खोल हवेत आणि सकारण हरकत मान्य करताना न्यायाधीशाचा हात अधिक मोकळा हवा.

परंतु निवड कितीही चोख केली, तरी पूर्वग्रह थोडाफार आत येणारच. तेथे आठव्या माणसाचा खरा आधार पुढे येतो, तो म्हणजे एकमताचा नियम. अकरा जण त्याच्याशी बोलतात ते सौजन्याने नव्हे. त्याच्या मतावाचून त्यांना घरी जाता येत नाही म्हणून. लुईझियाना राज्याने १८९८ साली हाच नियम मोडला. ज्यूरीवर येणाऱ्या एकदोघा काळ्या नागरिकांचे मत निरर्थक व्हावे, हा त्यामागचा उद्देश होता. बहुमताने दोषी ठरविण्याची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घटनाबाह्य ठरविली.

बहुमताच्या ज्यूरीचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारने स्पेशल ज्यूरी मागितली, तेव्हा टिळकांच्या वतीने तिला विरोध करणारे वकील होते जोसेफ बाप्टिस्टा, आपले काका बाप्टिस्टा. अशा ज्यूरीत युरोपियनांचे बहुमत होईल आणि ‘केसरी’तील मराठी लेख त्यांना वाचताही येणार नाहीत, हा मुद्दा होता. तो मानला गेला नाही. सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. शब्दांवरून मनुष्याला दोषी ठरवायचे होते आणि ते शब्द भाषांतरातून तोलले गेले. कौल सात विरुद्ध दोन असा झाला आणि टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या दोघांचे मत फुकट गेले. आठवा माणूस त्या दालनातही होता, एक सोडून दोन होते. नियम तेवढा नव्हता.

एकमताच्या जोडीला आणखी एक नियम येतो, तो गुप्ततेचा. चित्रपटात दहावा ज्यूरर आपले गरळ ओकू लागतो तेव्हा एकेक जण उठून त्याच्याकडे पाठ फिरवितो. रंगभूमीवर व पडद्यावर हा प्रसंग अविस्मरणीय ठरतो. पण पाठ फिरविण्याइतके धैर्य कोणात नसेल तर? कोलोरॅडोतील एका खटल्यात एक ज्यूरर म्हणाला की आरोपी मेक्सिकन आहे म्हणूनच तो दोषी असणार. दोन सहकाऱ्यांनी ही गोष्ट नंतर वकिलाला सांगितली. ज्यूरीची चर्चा गुप्त, म्हणून निकाल फिरवता येत नाही, असा जुना नियम; २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उघड वांशिक द्वेषापुरता त्याला अपवाद केला. चांगला नियमही पूर्वग्रहाचा आडोसा होऊ लागला, तर त्याला खिडकी पाडावी लागते.

आठव्या माणसाकडेही याच कसोटीने पाहिले पाहिजे. तो न्यायालयाबाहेर जाऊन तसाच चाकू विकत आणतो आणि टेबलावर रोवतो. हा पुरावा साक्षीत आलेला नाही, त्यावर कोणाची उलटतपासणी झालेली नाही. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २०१० साली या चित्रपटाने आपल्याला प्रेरणा दिल्याचे सांगितले; पण कनिष्ठ न्यायालयात असताना ज्यूररांना आपण असे वागू नका असे बजावत असू, हेही सांगितले. आज आठव्याने केलेला तपास मुलाच्या बाजूने गेला. उद्या दहावा तसाच तपास करील. रोझ यांनी नायकाला ही मुभा देऊन नाट्य साधले, परंतु आपल्याच विषयाला थोडी बाधा आणली, असे म्हणावेसे वाटते.

‘एक रुका हुआ फैसला’ची गोष्ट आणखी निराळी. तो चित्रपट आला तेव्हा भारतात फौजदारी खटल्यांतली ज्यूरी संपून बारा वर्षे झाली होती; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला निरोप दिला होता. नानावटी खटला हा आपल्याकडचा शेवटचा ज्यूरी-खटला ही समजूत बरोबर नाही. पण त्याने ज्यूरीची पत घालविली हे खरे. १९५९ साली वृत्तपत्रांनी उठविलेल्या सहानुभूतीच्या लाटेत आठ विरुद्ध एक असा निर्दोषत्वाचा कौल आला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तेथे जन्मठेप झाली. तेव्हा हिंदी चित्रपटातील ती खोली आपल्या कायद्यात अस्तित्वातच नव्हती. पंकज कपूर यांचा तिसरा ज्यूरर विलक्षण असूनही तो चित्रपट बोधकथेसारखा वाटतो, याचे हे एक कारण असावे. नियमांवाचून उरतो तो केवळ सज्जनपणा.

ज्यूरी गेली म्हणून पूर्वग्रह गेला असे मात्र कोणी समजू नये. बारा जणांचे काम आता एकट्या न्यायाधीशावर आले आहे. त्याच्या शेजारी पाचवा नाही, नववा नाही. त्याला सबब लेखी कारणे द्यावी लागतात, वरचे न्यायालय ती तपासते. हाही एक नियमच, आणि एकमताची जागा आपल्याकडे त्यालाच भरून काढायची आहे. रोझ यांचे नाटक पुन्हा पाहताना वाचकांनी आठव्याच्या चेहऱ्याऐवजी दारावरच्या कुलपाकडे थोडा वेळ पाहावे. ते कुलूप त्या अकरांना आत ठेवते, आणि ते आत राहतात म्हणूनच एका मुलाविषयी शेवटपर्यंत बोलणे होते.